शनिवारची पाळी

नेमाण्णा गल्लीच्या तोंडाशी दिसले की आमच्या गावातल्या सुना घरातल्या म्हाताऱ्यांना आत घेत. उन्हाला बसलेल्या सासऱ्याला हाताला धरून उठवायचं, "चला मामा, वारं सुटलंय" म्हणायचं आणि दार ओढून घ्यायचं. वारं वगैरे काही नसायचं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, खांद्याला पिशवी आणि चेहऱ्यावर कुणाच्या तरी उत्तरकार्याला निघाल्याचा भाव, असे नेमाण्णा तेवढे येत असायचे. गावानं त्यांना 'यमाचा कारकून' असं नाव ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "कारकून म्हंत्यात त्ये बरं हाय बाई. वरची जागा रिकामी हाय म्हंजे."

त्यांचं काम एकच. पिकल्या पानांच्या घरी जायचं आणि सांगायचं, की बाबा, मृत्युपत्र कर, आणि करशील तेव्हा त्यात गावासाठी काहीतरी ठेव. या कामावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि त्याचं त्यांना कुणी काही देतही नव्हतं. दिलं तर चहासुद्धा घेत नसत. चहा घेतला की माणूस मिंधा होतो आणि मिंध्या माणसाला मागता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पिशवीत उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली असे, तिच्यातलं दोन घोट पीत आणि बोलायला लागत.

मी त्या गावात डॉक्टर होते. मूळची बेळगावच्या खासबागेतली. लग्न होऊन निपाणीकडे आले आणि हमरस्त्यापासून आत असलेल्या त्या गावात दवाखाना थाटला. म्हाताऱ्या माणसाचं मृत्युपत्र करायचं तर ते शुद्धीवर आहे, त्याला सगळं समजतंय, असा डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा असतो. एवढ्या दाखल्यापायी मी नेमाण्णांच्या तावडीत सापडले. दुपारी पेशंट संपून जरा डोळा लागावा तर दारात खोकला ऐकू यायचा. हाक ते कधी मारत नसत, नुसते खोकत. पहिल्या वेळी मी औषध द्यायला उठले होते.

मग ते माझ्या स्कूटरवर मागे बसायचे आणि आमची वरात निघायची. मी कंटाळलेली, ते गप्प. रस्ता म्हणजे काय सांगायचं, आमच्या भागातले रस्ते दोन्ही सरकारांनी एकमेकांवर सोपवून दिल्यासारखे आहेत. तंबाखूच्या आणि उसाच्या रानांमधून धूळ खात कुठल्यातरी वाडीवर जायचं, तिथे कुणीतरी ऐंशीच्या घरातला गृहस्थ खाटेवर उठून बसलेला असायचा आणि मी त्याला विचारायचं, आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, नातवंडांची नावं काय. एका आजींना मी विचारलं, "आज कुठला वार?" त्या म्हणाल्या, "तू आलीस म्हंजे तुझा पैसे घ्यायचा वार." मी निमूटपणे दाखल्यावर लिहिलं, की बाई पूर्ण शुद्धीत आहेत.

नेमाण्णांचं आयुष्य निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून गेलं होतं. शेत त्यांना नव्हतं. दोन मुलगे, एक पुण्याला, एक बेंगळुरूला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात कानडी, बाजारात मराठी आणि रागावले की हिंदी बोलायचे. ती हिंदी कुणालाच कळत नसल्यामुळे त्यांच्या रागाचा कधी परिणाम झाला नाही. जेवण सूर्य मावळायच्या आत. त्यामुळे कितीही महत्त्वाचं बोलणं चाललेलं असलं तरी ऊन तांबडं झालं की उठायचे. जैन घराण्याचा नेमच तो, आणि नाव नेमाण्णा, तेव्हा मोडणार कसा.

हे मृत्युपत्राचं वेड कुठून लागलं, असं मी त्यांना अनेकदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. रिकामा बसलो की गुडघे धरतात म्हणून, असं एकदा म्हणाले. एकदाच नीट सांगितलं. त्यांचे वखारीचे मालक वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात एका लांबच्या तीर्थावर धर्मशाळा बांधायला मोठी रक्कम ठेवलेली निघाली. धर्मशाळा झाली. नेमाण्णा जाऊनही आले. संगमरवरी फरशी होती, पाण्याला नळ होते. परत आले तर वखारीतल्या बायका नेहमीसारख्या नाकाला पदर बांधून तंबाखूच्या धुळीत बसलेल्या आणि त्यांच्या वस्तीत प्यायच्या पाण्याची बोंब. "तंबाखू हितली, खोकला हितला, आन् धर्मशाळा तिकडं," एवढंच ते म्हणाले.

त्यांचं मागणं लहान असे. "तुमास्नी लेकरं किती?" असं विचारायचे. समोरचा म्हणायचा चार. "मग गावाला पाचवं धरा. धाकटं हाय, त्येला थोडकंच द्या." लेकींना वाटा दिलेला नसला तर आधी तो लिहायला लावत, मग गावाचा. ज्याच्याकडे दोनच एकर आहे त्याच्या दारात जात नसत. आणि वस्तू नावानिशी सांगायला लावत, ती कुणाच्या उपयोगी पडावी हेही. 'गावाच्या कल्याणासाठी' असं कुणी म्हणालं की ते पेन खाली ठेवत. कल्याण म्हणजे काय ते सांगा म्हणत. यातून काय काय आलं ते आठवलं तर आज हसू येतं. शाळेजवळचं एक चिंचेचं झाड आलं. एक शिलाई मशीन आलं. रस्त्याकडेची एक खोली आली, तिथे अजून मुली अभ्यासाला बसतात. एका गवळ्यानं म्हशीचं पहिलं रेडकू लिहून ठेवलं आणि तो गेला त्या वर्षी म्हैस भाकड निघाली.

कागद लिहून झाला की लगेच सही नाही. सगळं घर गोळा करायचं, सुनासुद्धा, आणि म्हाताऱ्याचे शब्द मोठ्यानं वाचून दाखवायचे. वाटीत साखर ठेवलेली असे. ज्याला मान्य असेल त्यानं चिमूटभर तोंडात टाकायची. सगळ्यांनी साखर खाल्ल्यावरच सही. एका जरी सुनेनं हात मागे घेतला तर नेमाण्णा कागद पिशवीत घालून उठायचे आणि महिन्यानं परत यायचे. वकील लोक हसायचे, असला काही कायदा नाही म्हणायचे. नेमाण्णांचं म्हणणं, कायदा रजिस्ट्रारच्या ऑफिसात, कानडीत. घरात साखर.

आणि मृत्युपत्रातले शब्द त्या माणसाचेच हवेत, हा त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट. भाषा सुधारायची नाही, अर्थ वाढवायचा नाही, कमी करायचा नाही. तो माणूस 'माझं परड्यातलं वाकडं आंब्याचं झाड' म्हणाला तर तसंच, वाकड्यासकट. मी एकदा म्हटलं, अहो, जरा नीट लिहिलं तर काय बिघडतं. ते म्हणाले, "जाणाऱ्याजवळ शेवटाला शब्दच उरतो. त्योबी आपुन दुरुस्त कराय लागलो तर त्येचं काय ऱ्हायलं?"

लोक टाळायला हुशार. एक आजोबा दर वेळी सांगायचे, सीमेचा प्रश्न एकदा सुटू दे, आपण कुठल्या राज्यात आहोत ते नक्की कळू दे, मग मृत्युपत्र करतो. नेमाण्णा शांतपणे म्हणाले, "मग तुमी अमर हाईसा."

पण मी त्यांच्यावर खरोखर चिडले ते आप्पासाहेबांच्या वेळी. आप्पासाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार. मुलांनी नवा बंगला बांधला आणि म्हाताऱ्याची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत टाकली. त्या रागात त्यांनी नेमाण्णांना निरोप धाडला. आम्ही गेलो तर म्हणाले, लिहा, माझ्या वाटणीचं सगळं शाळेला, पोरांना दमडी नाही. शाळेच्या दोन वर्गांवर तेव्हा पत्रे नव्हते, मुलं व्हरांड्यात बसायची. मी दाखल्याचा कागद काढलासुद्धा. नेमाण्णांनी मात्र पिशवी उघडली नाही. म्हणाले, "आप्पासाब, रागानं दिल्यालं गावाला पचत न्हाय. राग उतरला की सांगा, मी येतो." आप्पासाहेब भडकले, दुसऱ्याकडून लिहून घेईन म्हणाले. घेतलं नाही. त्यांचा राग उतरला, मुलांनी खाट बंगल्यात नेली, बापलेक एक झाले आणि गावाला काही मिळालं नाही. पुढे नातवाच्या लग्नाचं आमंत्रण मात्र आम्हा दोघांनाही आलं. लग्नाला जाताना मी नेमाण्णांना खूप बोलले, की तुमच्या तत्त्वापायी पोरं व्हरांड्यातच राहिली. ते ऐकून घेत होते. लग्नात ते जेवले नाहीत, कारण पंगत बसेपर्यंत सूर्य मावळला होता.

हळूहळू हे सगळं मंदावत गेलं. म्हातारे कमी झाले असं नाही, पण ते मुलांबरोबर पुण्याला, बेंगळुरूला फ्लॅटमध्ये जायला लागले. गावातली घरं कुलपात. नेमाण्णा कुलपं बघत परत यायचे. "आता मराय बी मानसं शहरात जात्यात," असं म्हणाले होते एकदा. दमलेले दिसायचे. मीही दमले होते, दवाखान्याला आणि त्या रस्त्यांना.

अशा दिवसांत तानाक्काचा निरोप आला.

तानाक्का वखारीत काम केलेली विधवा बाई. मूलबाळ नाही. नवऱ्याच्या आजारपणात तिची जमीन गेली. ज्यानं घेतली त्याची स्वतःची कूपनलिका होती, त्याला विहिरीच्या पाण्याची गरज नव्हती. त्यामुळे भावकीच्या विहिरीवरची तानाक्काची पाळी तेवढी तिच्याकडे राहिली. आमच्याकडे विहीर सामाईक असली की भावाभावांत वार वाटून घेतात. ज्याचा वार त्यानं त्या दिवशी पाणी घ्यायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हा रिवाज कागदावर नसतो, पण तो मोडला तर कोयते निघतात. तानाक्काची पाळी शनिवारची. जमीन नसलेल्या बाईला पाळी काय कामाची? तिचा पुतण्या मारुती शनिवारचं पाणी आपल्या उसाला घ्यायचा आणि त्याबदल्यात तिला धान्य द्यायचा. वागायला मारुती वाईट नव्हता. आक्काला दवाखान्यात तोच आणायचा.

आम्ही गेलो तेव्हा ती खाटेवर पडून होती, छाती धुळीनं खाल्लेली. मी वार विचारला. तिनं बरोबर सांगितला. मग नेमाण्णांना म्हणाली, "आण्णा, माझ्याजवळ दुसरं काय न्हाय. शनवारची पाळी हाय. उगवल्यापासनं मावळंस्तंवर वस्तीच्या बायांस्नी द्या. माझ्यासंगं धूळ खाल्ल्याल्या बाया हाईत त्या."

वस्ती म्हणजे विहिरीपलीकडची, वखारीत जाणाऱ्या बायकांची घरं. सरकारी नळ होते तिथे, पाणी तेवढं नव्हतं. विहीर खोल, पाणी मोटरीनंच वर यायचं. तिच्यालगत रस्त्याकडेला गुरांसाठी बांधलेला एक हौद होता. मोटर सुरू करून पाट तिकडे वळवला की हौद भरायचा आणि बायकांना तिथून पाणी नेता आलं असतं.

जमिनीशिवाय पाळी लिहून देता येत नाही, कायद्यात ती टिकणार नाही, हे नेमाण्णांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ते तानाक्कालाही सांगितलं. मग म्हणाले, कायद्यात टिकंल न टिकंल, भावकीनं साखर खाल्ली तर टिकंल. मारुतीला आणि त्याच्या दोन चुलतभावांना बोलावलं. कागद वाचला, तिच्याच शब्दांत, उगवल्यापासून मावळेस्तोवर. मारुतीनं थोडा वेळ वाटीकडे बघितलं. दर शनिवारचं पाणी जाणार होतं त्याचं. पण त्यानं साखर घेतली, मग भावांनीही घेतली. तानाक्कानं अंगठा उठवला. पंधरवड्यात ती गेली.

आणि मारुतीनं शब्द पाळला. शनिवारी सकाळी तो स्वतः येऊन मोटर चालू करायचा, पाट हौदाकडे वळवायचा, बायका कामाला जाता-येता हौदातून पाणी न्यायच्या. नेमाण्णांना मी इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. माझ्या दवाखान्यात येऊन ते नुसतेच बसले, खोकलेसुद्धा नाहीत.

मग शेतीच्या करंटचं वेळापत्रक बदललं. तानाक्का बोलली तेव्हा मोटरींना दिवसा करंट मिळायचा. आता एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असं सुरू झालं, आणि पुढे रात्रीचंच जास्त. शनिवारचा दिवस कोरडा जायचा. संध्याकाळनंतर करंट यायचा आणि मारुती मोटर लावून पाणी उसाला सोडायचा. वस्तीतल्या बायका भांडायला गेल्या. तो म्हणाला, आक्कानं मावळतीपर्यंत दिलंय, मी मावळायच्या आत हात लावतो का सांगा. लावत नव्हता. त्याचं बरोबर होतं.

तानाक्काच्या डोक्यात मोटेचा जमाना होता. मोट काही अंधारात चालत नाही, बैल दमतात. तिच्या लेखी पाण्याचा दिवस म्हणजे उजेडाचा दिवस. तिला सगळंच द्यायचं होतं, हे तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पण नेमाण्णांनी शब्द तिचेच लिहिले होते आणि साखर त्या शब्दांवर खाल्ली गेली होती.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही एकदा मारुतीला सांगा, आक्काला पुरा दिवस म्हणायचं होतं. तुमचं तो ऐकेल. भावकी तुम्हाला मानते.

ते म्हणाले, "तिचा शब्द मी आज वाढीवला, तर उद्या दुसरा कोनतरी कमी करंल. मग कुनाचाच शब्द ऱ्हायाचा न्हाय बाई."

मला तेव्हा त्यांचा अतोनात राग आला. बायका डोक्यावर घागरी घेऊन मैलभर जातायत आणि हे शब्द सांभाळत बसलेत. मी तसं बोललेही. त्यांनी नेहमीसारखं ऐकून घेतलं. पण पुढच्या शनिवारी सकाळी उजाडायच्या सुमाराला ते विहिरीच्या काठावर जाऊन बसले. दिवसात कधी चुकून करंट आला तर मोटर चालू करून पाट हौदाकडे वळवायला कुणीतरी हवं, म्हणून. बायका कामाला गेलेल्या असतात, मारुती रानात. तेव्हापासून दर शनिवारी. कधी घटकाभर करंट यायचा, चार घागरी भरायच्या. बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. त्यांच्या मुलानं पुण्याहून फोन करून मला सांगितलं, की डॉक्टर, त्यांना समजवा, ऊन लागेल. मी समजावलं. त्यांनी फक्त छत्री न्यायला सुरुवात केली.

पुढे मी दवाखाना बंद करून बेळगावला परत आले. गुडघे माझेही बोलायला लागले होते. आता सकाळी खडेबाजारात भाजीला जाते, दुपारी झोपते, आणि झोपेत कधी खोकला ऐकू आला की अजून उठून बसते.

नेमाण्णांना मी शेवटचं बघितलं ते गावातल्या दवाखान्याच्या जागेची किल्ली द्यायला गेले तेव्हा. उन्हाळा होता. त्यांच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आज शनवार न्हवं? हिरीवर असतील."

विहिरीच्या काठावर करंजाच्या सावलीत बसलेले दिसले. खूप वाळले होते. सदरा दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा वाटत होता. दिवस कलला होता आणि करंट दिवसभर आला नव्हता. कामावरून आलेल्या तीन बायका रिकाम्या घागरी घेऊन हौदाशी बसल्या होत्या. आशेनं बसल्या होत्या असं म्हणवत नाही. घरी जाऊन तरी काय करायचं, अशा बसल्या होत्या. मी नेमाण्णांच्या शेजारी बसले. पिशवीत डबा तसाच होता. मी म्हटलं, ऊन तांबडं झालं, जेवून घ्या. ते म्हणाले, "हात धुवाय पानी कुठलं?" बाटलीत घोटभर होतं, ते त्यांनी मला देऊ केलं.

सूर्य मावळला. त्यांनी हात जोडले आणि डबा पिशवीच्या तळाशी सारला. आता उद्या सकाळपर्यंत अन्न नाही. आणि तेवढ्यात मोटरीच्या खोपीतला दिवा लागला.

करंट आल्याचं बघून मारुती गाडीवरून आलाच. आम्हाला पाहून थबकला. नेमाण्णा काठावरून उतरायला लागले, मी हाताला धरलं. मारुती म्हणाला, "आण्णा, बसा तुमी. आज सोडतो हौदात. दर शनवारी तुमास्नी असं बघून घरात घास उतरत न्हाय माझ्या."

मला वाटलं, सुटलं एकदाचं.

"माझ्यासाठी सोडू नगंस मारुती," नेमाण्णा म्हणाले.

"मग कुनासाठी सोडू?"

"त्ये तुझं तू बघ. मी बसतो म्हनून सोडलास, तर मी मेल्यावर काय? हितं कोन बसनार हाय?" त्यांना दम लागला होता. जरा थांबून म्हणाले, "आक्कानं मावळंस्तंवर दिलती. मावळलं. आता पाळी तुझी हाय." आणि मला म्हणाले, "चला बाई."

त्या तिघी बायका आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघायचा मला धीर झाला नाही. आम्ही रस्त्याला लागलो. मी मागे वळणार तर नेमाण्णा म्हणाले, "बघू नगासा. आपुन बघतोय म्हटल्यावर त्येला लाज वाटंल. लाजंनं नगं."

मागे मोटर सुरू झाली. मोटरीचा आवाज काय, उसाला पाणी गेलं तरी तोच आणि हौदाला गेलं तरी तोच. मी धुमसत होते. देणारा देत होता, घेणाऱ्या उभ्या होत्या आणि या माणसानं मध्येच पाय घातला होता. या वेळी मी काही बोलले नाही, कारण त्यांचं पाऊल नीट पडत नव्हतं. रस्त्याखालच्या मोरीपाशी ते बसले. उठले. परत चालू लागले. एवढ्याशा रस्त्याला आम्हाला बराच वेळ लागला. मला तेव्हा कळलं, की हा माणूस आता फार शनिवार बसणार नाही, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलेलं आहे.

मागून पावलांचा आवाज आला. बायकांची चाल होती, झपाझप. नेमाण्णा रस्त्याच्या कडेला गवतात उतरून उभे राहिले. त्या तिघी आम्हाला ओलांडून वस्तीकडे गेल्या. घागरी डोक्यावर होत्या आणि गच्च भरलेल्या होत्या. पाणी हिंदकळून मानेवरून खाली येत होतं, तिघींच्याही पाठी भिजल्या होत्या. जड ओझ्यानं आमच्याकडे मान वळवून बघणंही त्यांना शक्य नव्हतं.

मला रडू आलं. नेमाण्णा त्या दिसेनाशा होईपर्यंत गवतातच उभे होते.

"माझ्याबिगरचा एक शनवार झाला बाई," ते म्हणाले, आणि पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन चालायला लागले.